नेमेसिसचा बाप कोण?

“…आणि बापाचं नाव?”

“तेच तर नक्की नाही म्हणतात. चौघं चार नावं सांगतात. त्यातला एक म्हणे समुद्रावरचा, आणि आई तर रात्रीची…”

बोलणारीची नजर तुस्कानो सरांवर गेली. राहिलेलं वाक्य तिनं पावाबरोबर पिशवीत कोंबलं.

बेकरीसमोर उभ्या असलेल्या सगळ्या बायांना एकदम घरची कामं आठवली. मागे उरली ती एकटी नातालबाय. तिचं घर फादर इनास यांच्या बंगलीला अगदी खेटून. तिच्या ओट्यावर बसून लसूण सोलला तर फादरांच्या खोलीत वास जातो, इतकं खेटून.

“कुणाबद्दल चाललं होतं?” सरांनी विचारलं.

“कुणाबद्दल नाही बाई. आपलं जगाबद्दल.”

“नातालबाय…”

“आता तुम्हाला मी काय सांगणार, सर? तुम्हाला तर सगळं ठाऊकच. मी माझ्या मनचं एक अक्षर घातलं नाही. फादरांच्या खिडकीतून जे ऐकलं, तेवढंच.”

एवढं म्हणून तीही गेली.

सरांच्या हातातला गरम पाव चेपून चपटा झाला.

बाप, आई, चार नावं. आणि फादरांची खिडकी.

वसईच्या त्या गावात त्या आठवड्यात बापाचं नाव निघालं, तर ते एकाच मुलीच्या बापाचं असणार होतं. सरांचा मुलगा एल्विन, त्याचं लग्न ठरलं होतं अर्नाळ्याच्या जसिंताशी. तिचा बाप बस्त्याव, त्याची मोगऱ्याची वाडी. आई कतरीन, ती दवाखान्यात नर्स, बहुतेक रात्रपाळीला.

आता बघा. अर्नाळा समुद्रावर. आई रात्रपाळीला. सरांना दुसरं काय वाटणार?

त्यात येत्या रविवारी पहिली वाचणी होती. लग्नाआधीचे तीन रविवार मिस्सेच्या प्रार्थनेवेळी आल्तारवरून, म्हणजे वेदीवरून, नवरानवरीची नावं वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी. कुणाला काही हरकत असेल तर येऊन सांगा. हरकत सहसा कुणी घेत नाही. पण नावं वाचली जाताना सगळं चर्च कान टवकारून बसतं, आणि घरी जाताना बोलायला तेवढा एकच विषय असतो.

आणि हे तुस्कानोंच्या घरचं कार्य. सरांच्या ओटीवर सात पिढ्यांची नावं रंगवलेली पाटी आहे. पाहुणा आला की आधी पाटी, मग पाणी. एल्विनला ती नावं लहानपणी पाढ्यांसारखी पाठ करावी लागली होती. आठवं नाव मिळालं नाही, याची सरांना आजही रुखरुख.

ते चेपलेला पाव घेऊन तडक फादरांकडे निघाले.

•

फादर इनास वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीशी, मोठी शिसवी खुर्ची. सरांच्या आजोबांनी चर्चला दिलेली, पाठीवर त्यांचं नाव कोरलेलं. उजव्या हाताला एक बुटकं लाकडी स्टूल, मोळीतल्या लाकडासारखं खडबडीत.

“ये. स्टूल ओढ,” फादर म्हणाले.

फादर हे नेहमीच म्हणत. सर नेहमीच ऐकून न ऐकल्यासारखं करत. ज्यांनी आपल्याला पोरवयात ग्रीक अक्षरं गिरवायला लावली, ते आता या वयात नम्रपणा गिरवायला लावताहेत, असं ते समजत. आजोबांचं नाव असलेली खुर्ची समोर असताना तुस्कानोंच्या माणसानं स्टुलावर का बसायचं?

ते खुर्चीवर बसले. आणि ओरडले.

ओरडावंच लागे. फादर ठार बहिरे झालेत, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. तीनदा विचारावं तेव्हा एकदा उत्तर यायचं. सरांचा आवाज तसाही चाळीस मुलांच्या वर्गाला पुरून शाळेच्या फाटकापर्यंत जाणारा, त्यामुळे त्यांना फारसं जड जात नसे.

“तुम्ही हे बोललात का?”

फादर शेंग सोलत राहिले…

“फादर! तुम्ही! बोललात का!”

“काय?”

“की तिच्या बापाचं नाव नक्की नाही!”

फादरांनी थोडा विचार केला.

“बोललो.”

“चौघं चार नावं सांगतात, असं?”

“हो. चारच असतील असं नाही. मला चार आठवली.”

“त्यातला एक समुद्रावरचा?”

“समुद्रावरचा नाही. समुद्रच.”

“आणि आई…”

“रात्र.”

सर ताडकन उठले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

“शाबास! माझ्या घरचं पहिलं कार्य. रविवारी वाचणी. आणि तुम्ही, फादर, तुम्ही हे गावभर…”

“गावभर नाही. या खोलीत.”

“कुणाजवळ?”

फादरांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“तुझ्याजवळ. मंगळवारी.”

…

सर हळूहळू खाली बसले.

•

मंगळवार हा सरांचा फादरांकडे यायचा दिवस.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी ग्रीक देवदेवतांवर पुस्तक लिहायला घेतलं होतं. बाकीचे देव सरळ उलगडले. गाडी अडली ती नेमेसिसपाशी. माजलेल्या माणसाला त्याच्या मापात आणून ठेवणारी ती देवी. एका हातात मोजायची काठी, दुसऱ्या हातानं झग्याचा गळा किंचित पुढे ओढून ती आत बघत असते, असं तिचं चित्र.

“आत काय बघते ती?” फादरांनी विचारलं होतं.

“त्यावर विद्वानांत एकमत नाही! ते सोडा! मला तिच्या आईबापांचं बोला!”

तिथूनच सगळं सुरू झालं.

फादर म्हणाले, सगळ्यात जुने लोक सांगतात, ती रात्रीची मुलगी. रात्रीनं एकटीनंच तिला जन्म दिला, बाप नाहीच.

“रात्रीची मुलगी! आणि बाप नाही?” सर ओरडले होते. “असं कसं चालेल?”

मग फादर म्हणाले, दुसरे म्हणतात, बाप आहे, काळोख. तिचं देऊळ जिथे समुद्रकाठी होतं तिथले लोक म्हणत, बाप महासागर. आणखी कुणी थेट देवांच्या राजाचं नाव घेतात.

“म्हणजे चौघं चार सांगणार! एक बाप नाहीच म्हणणार, एक समुद्र म्हणणार! बाप चार नसतात, फादर!”

“चारही लिही.”

“मला एक नाव हवं! बाप कोण तिचा? तेवढं नक्की कळल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही!”

देवीचं नाव त्या संध्याकाळी सरांनी सुरुवातीला एकदाच घेतलं होतं. नंतर सगळं ‘ती’, ‘तिचा’, ‘तिची’.

खिडकी उघडी होती. आणि खुर्ची खिडकीशी.

•

सरांच्या तोंडाचा रंग आधी उडाला, मग परत आला, मग ते चक्क हसले.

“म्हणजे सगळं खोटं! सगळं त्या देवीबद्दल! आणि या बायांनी ते माझ्या सुनेला चिकटवलं!” ते पुन्हा तापले. “कुणी जन्माला घातली ही अफवा? मला त्याचं नाव हवं, फादर! बाप कोण हिचा?”

फादरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा शेंगांकडे.

“मला हाक मारली का, फादर?” नातालबायचं डोकं खिडकीत आलं. हातात लसणाची पाकळी.

“नाही.”

“मला वाटलं मारली.”

“बरी सापडलीस,” सर म्हणाले. “काय ऐकलंस तू मंगळवारी? शब्दाला शब्द सांग.”

“अय्या, तुमचंच तर बोलणं, सर. फादरांचा आवाज कुठे बाहेर येतो? तुम्ही म्हणत होता, बाप कोण तिचा, बाप चार नसतात, नक्की कळल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, खरंच आहे. एकुलत्या एक पोराचं लग्न. माणूस चौकशी करणारच. लोक नावं ठेवायला लागले तर मी तुमचीच बाजू घेतली, सगळीकडे.”

“सगळीकडे म्हणजे?”

“बेकरीत. भाजीवालीकडे. मासळीबाजारात घ्यावीच लागली, तिथे तुम्हाला फारच बोलत होते.” ती जरा थांबली. “आणि अर्नाळ्याला माझी नणंद दिलीय…”

सरांनी डोळे मिटले.

“पोर गुणी आहे हो,” नातालबाय कळवळून म्हणाली. “मी तिच्यासाठी मेणबत्तीपण लावली. माझ्या मनात काही वाईट नव्हतं.”

“ठाऊक आहे, नाताल,” फादर म्हणाले. “जा, लसूण वाळतोय.”

डोकं गेलं. फार लांब गेलं नसावं.

सर खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

“मी आजच्या आज अर्नाळ्याला जातो. बस्त्यावला समजावून सांगतो. एक ग्रीक देवी आहे म्हणावं, तिच्यावरून… काय सांगू मी त्याला? त्या माणसाला ग्रीक देवी कुठून समजवू?”

“तो सकाळी येऊन गेला.”

“इथे?”

“इथे. बस म्हटलं तर बसला नाही. तुझ्या खुर्चीकडे बघत उभा राहिला.”

“काय म्हणाला?”

…

“फादर! काय! म्हणाला!”

“म्हणाला, सरांना नाव हवंय, तर मी विचारायची वाट बघत बसणार नाही. तुम्हीच त्यांना सांगा. लपवू नका.”

“काय लपवू नका?”

“जसिंताला त्यानं आणि कतरीननं सिस्टरांच्या बालगृहातून आणलं. फडक्यात गुंडाळण्याएवढी होती. जन्म देणारी कोण, तिचा बाप कोण, ते सिस्टरांनाही माहीत नाही.”

शेंगा सोलल्याचा आवाजसुद्धा थांबला.

“म्हणजे…” सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, पण खोलीबाहेर जाण्याइतका होताच. “म्हणजे ते खरंच आहे.”

“अर्धं.”

“यात अर्धं काय, फादर? बाप माहीत नाही म्हणता तुम्हीच!”

“बाप माहीत नाही, हे अर्धं.”

“मग दुसरं अर्धं?”

“बस्त्याव सकाळी इथे उभा होता, असं सांगितलं की तुला.”

सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“एल्विनला ठाऊक आहे?”

“पहिल्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाही! बापाला!”

“सांगायला आला होता म्हणे. तुझ्या ओटीवर, पाटीखाली बसला. शब्द जुळवत होता. तू त्याला विचारलंस, पाचव्या पिढीचं नाव काय.”

“मग?”

“त्यानं सांगितलं.”

सरांना ती संध्याकाळ आठवली. नाव बरोबर सांगितलं म्हणून त्यांनी पोराच्या पाठीवर थापही मारली होती.

•

“आता रविवारी काय वाचणार तुम्ही?” सर पुन्हा खुर्चीत बसले आणि पुन्हा ओरडले. “एल्विन, विल्फ्रेड तुस्कानो यांचा मुलगा. जसिंता… कुणाची मुलगी? सगळं चर्च वळून माझ्याकडे बघणार!”

“तुझ्याकडे का? वाचणी तिची.”

“तुम्हाला कळत नाही!”

“नसेल.”

“मला एक सरळ उत्तर द्या, फादर! महिनाभर मी तुमच्याकडे येतोय. त्या देवीचा बाप विचारला, तुम्ही चार दिलेत. हिचा विचारला, तर एकही नाही. माझ्या प्रश्नाला एक, फक्त एक नाव द्यायला तुमचं काय जातं?”

“बस्त्यावनंही एकच मागितलंय.”

“काय?”

“म्हणाला, सरांना विचारा. वाचायची म्हणाले तर वाचा. नको म्हणाले तर नावं खाली ठेवा, आम्ही कुणाला दोष देणार नाही. पोरीला मी सांभाळून घेईन.”

सर खुर्चीच्या हातावरची नक्षी बोटानं गिरवत राहिले.

“तिच्या कानावर गेलं, त्या दिवसापासून ती वाडीत उतरलेली नाही,” फादर म्हणाले. “बस्त्यावला एकट्याला उरकत नाही. कळ्या झाडावरच उमलून पिवळ्या पडल्या.”

…

साखरपुड्याला जसिंतानं स्वतः गुंफलेला गजरा सरांच्या बायकोच्या केसांत माळला होता. मग सरांकडे वळून म्हणाली होती, तुमच्यासाठी काय आणावं कळेना, म्हणून पाटीवरची नावं पाठ करून आलेय. आणि उभ्या उभ्या सातही म्हणून दाखवली होती. एल्विनपेक्षा स्पष्ट.

सर तेव्हा काय म्हणाले होते? चौथ्या नावाचा उच्चार जरा चुकला, असं म्हणाले होते.

खोलीत वारा नव्हता. सरांच्या अंगाला घाम सुटला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, बोटानं गळा पुढे ओढला, मान खाली घालून आत फुंकर मारली… आणि तसेच राहिले. गळा ओढलेला, मान खाली, नजर आत.

फादर त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

बाहेर नातालबायच्या ओट्यावर लसणाची टोपली खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

“आमचं आठवं नाव मिळालं नाही, फादर,” सर म्हणाले. त्यांना ते का सुचलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “खूप शोधलं. सातव्याच्या मागे काही नाही.”

“काहीच नाही?”

“काळोख.”

फादरांनी शेंग उचलली, सोलली, दाणे टोपात टाकले.

सर उठले. दाराकडे गेले. दारात चेपलेल्या पावाची पिशवी होती, ती उचलली. मग परत ठेवली. वळून त्यांनी शिसवी खुर्चीकडे पाहिलं. पाठीवर आजोबांचं नाव, धूळ पुसून पुसून चकचकीत झालेलं. ती धूळ तेच पुसायचे, दर मंगळवारी, बसायच्या आधी.

ते खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले. फादरांच्या उजव्या हाताला. पायानं स्टूल पुढे ओढलं.

स्टूल फारच बुटकं होतं. बसल्यावर सरांचे गुडघे छातीपर्यंत आले. तिथून खिडकी दिसत नव्हती. फादरांचा कान तेवढा दिसत होता, सुरकुतलेला, आत पांढरे केस.

सरांनी फादरांसमोरची एक शेंग घेतली. त्यांना ती धड सोलता येईना. दोन दाणे घरंगळून कुठेतरी गेले.

मग त्यांनी श्वास भरून घेतला आणि होता तेवढा आवाज काढून ते ओरडले,

“रविवारी वाचा, फादर! एल्विन तुस्कानो! आणि जसिंता! बस्त्याव आणि कतरीन यांची मुलगी! अर्नाळ्याच्या! हरकत कुणाचीही नाही!”

खिडकीबाहेर कुणीतरी “येसू मारिया” म्हटलं, आणि लगेच पायांतल्या चपला फटफट वाजवत कुणीतरी बेकरीच्या दिशेनं गेलं.

फादरांनी मान किंचित सरांकडे कलती केली.

“हळू बोल, विल्फी. या कानानं मला ऐकू येतं.”